झाडावरच्या माणसाला हाक

१८ नोव्हेंबर

सम्राट आज सुप्याहून कायमचा घरी आला. कंपनीतलं कंत्राट संपलं म्हणाला. मी म्हटलं, तुमच्याबरोबरचा संदीप तर अजून तिथंच आहे, त्याचं कसं नाही संपलं? म्हणाला, माझा नंबर आधी लागला. एवढं बोलून पोतं ओसरीवर टाकलं आणि झोपायला गेला, भर दुपारी.

पोत्यात काय असावं? दोर! नुसता दोर. शिवाय अंगात घालायचे दोन पट्टे, दोन हेल्मेट, लोखंडी कड्या आणि आठाच्या आकड्यासारखं एक लोखंड. नवऱ्याचा शेवटचा पगार बायका साडीत बघतात, मी दोरात बघितला.

ही वही मी अकरावीला श्रीरामपुरात घेतली होती, अकाउंटची चार पानं लिहून सोडलेली. सासरी आले तेव्हा ट्रंकेत आली. आज उघडली, कारण कोणाशी तरी बोलायलाच हवं होतं, आणि आत्यांशी, म्हणजे सासूबाईंशी, बोललं की ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

२ डिसेंबर

पोत्याचा उलगडा झाला. सम्राट झाडांची कामं घेणार. घरावर आलेल्या फांद्या काढायच्या, वाळलेलं झाड तुकड्यातुकड्यानं उतरवायचं आणि माघापासून चिंचा झोडायच्या. सुप्याला त्यानं उंचीवर काम करायचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय, तेच सगळं झाडावर चालवायचं म्हणतो. निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय, झाडावर चढणारं माणूसच उरलेलं नाही, त्यामुळं काम मिळेल हे खरं.

मामांना हे काही पटेना. मामा म्हणजे माझे सासरे, रंगनाथ. सगळं आयुष्य चिंचेवर गेलं त्यांचं. अनवाणी चढायचं, हातात चिंचा झोडायची आकडी घ्यायची, बास. ते म्हणाले, "झाड काय आपला दुश्मन हाय व्हय, त्याला बांधून घ्यायला?"

आज पहिलंच काम होतं, शाळेमागच्या कडुलिंबाचं. पहिल्यांदा वाळूची छोटी थैली सुतळीला बांधून फांदीवरून पलीकडं फेकायची, मग त्या सुतळीनं दोर वर ओढून घ्यायचा. सम्राट दोर खांद्यावर टाकून, मान वर करून, बरी फांदी शोधत उभा होता. तेवढ्यात तिकडून शेजारची मालनबाई कळशी घेऊन आली. तिनं बघितलं, कळशी टाकली, आणि बोंबलत गावात पळाली, की कलाबाईचा पोरगा दोर घेऊन झाडाखाली उभा हाय, धावा. पंधरावीस माणसं पळत आली. आत्या तर ऊर बडवत आल्या. मग कळलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण आत्या दुपारपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आमच्याकडं दोर आणि झाड एकत्र दिसलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही. हसण्यासारखं त्यात काही नाही.

२१ डिसेंबर

सम्राटचे नियम ऐकून ऐकून माझे कान किटले. वारा सुटला की चढायचं नाही. तार जवळ असेल तर वायरमननं लाईट बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. वर जायच्या आधी दोघांनी दोराला लोंबकळून फांदी तपासायची. झाडाखाली कोणी उभं राहायचं नाही. दोरावर पाय द्यायचा नाही, तो उन्हात टाकायचा नाही. करवत चालवताना मोठ्या दोराशिवाय कमरेचा आखूड दोरही फांदीला अडकवायचा, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी माणूस दुसऱ्यावर राहतो. इतकी तर लग्नात बोलणीसुद्धा झाली नव्हती.

आणि घरात? घरात तोंडाला कुलूप. आज सकाळी मी दारात तांदूळ निवडत होते तर आतून म्हणतो, काहीतरी करपतंय. चूल पेटलेलीच नव्हती! आत जाऊन तसं सांगितलं तर नुसता बघत राहिला, माझ्या मागच्या भिंतीकडं, ओठ चावत. मी दोनदा विचारलं, काय झालं? उत्तर नाही. मग एकदम उठला आणि पाणी प्यायला गेला, जसं काही मी बोललेच नव्हते. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची होती तर शिजल्यावर ठेवायची.

५ जानेवारी

मोटारसायकल दारात उभी आहे आणि हे साहेब एसटीनं नगरला गेले. महिन्यातून एकदा जातात. काय काम, सांगत नाहीत. गाडी का नेत नाही विचारलं तर म्हणे पेट्रोल परवडत नाही. उलट मलाच गाडी शिकवायच्या मागं लागलाय. रोज संध्याकाळी मला पुढं बसवतो आणि स्वतः मागं बसतो. मालनबाई दारात उभी राहून बघते, तोंडाला पदर लावून. आधी मला मजा वाटली. आता वाटतं, सुप्याला कोणीतरी गाडी चालवणारी भेटलेली दिसतेय, तिच्यावरून शिकलाय.

संदीप सुट्टीला आला होता. जाताना मला म्हणाला, वहिनी, त्याच्याकडं लक्ष ठेवा. मी म्हटलं, कशाबद्दल? तो म्हणाला, असंच. पुरुष एकमेकांचं झाकतात, दुसरं काय.

९ जानेवारी

आजपासून माझाही दिवस बांधला गेला. आजवर तो दोर वरच्या फांदीला बांधून आपला आपण वरखाली करायचा, मी फक्त खाली पडलेल्या फांद्या ओढायचे. आता म्हणतो, नवीन पद्धत. दोर वरच्या फांदीवरून खाली आणायचा, त्याचं एक टोक त्याच्या पट्ट्याला, दुसरं बुंध्याला बांधलेल्या त्या लोखंडी आठातून माझ्या हातात. तो वर जाईल तसा मी ढील ओढून घ्यायची, तो बाजूला जाईल तशी सोडायची. वजन लोखंडावर येतं, माझ्या हातावर फार येत नाही, हे खरं. पण हात एक क्षणही काढायचा नाही. नाक खाजवायचं तरी आधी दोराला गाठ मारायची, ती ओढून बघायची, आणि मग.

मी म्हटलं, आधीचं बरं होतं की, आता दुप्पट दोर लागतो आणि माणूसही अडकतं. तर म्हणाला, "आधीच्यात मला तू खाली आणू शकत न्हाईस."

म्हटलं, तुम्हाला कशाला आणायचं, तुमचे तुम्ही येता की. मग पोत्यात माती भरून ते वर चढवलं आणि मला म्हणाला, उतरव. उतरवलं. पुन्हा म्हणाला, उतरव. माझे तळहात लाल होईस्तोवर तेच. शेवटी स्वतः वर गेला, हातपाय सोडून दिले, मान टाकली आणि लोंबकळत राहिला. मी घाबरून ओरडले तर वरूनच म्हणतो, ओरडू नको, उतरव. मला इतका राग आला. असली थट्टा करतात का?

३ फेब्रुवारी

आबासाहेबांच्या चिंचा मिळाल्या. बांधावरची आणि विहिरीजवळची सगळी झाडं आम्ही झोडायची, माल पाथर्डीच्या व्यापाऱ्याला. आबासाहेब मोठे बागाईतदार, पण माणूस बरा. दोर बघून म्हणाले, करा बाबांनो, आमच्या झाडावरनं माणूस पडलेला मला नको.

आज मामांनी आमच्या घरची रीत सांगितली. झाडावर चढलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. नाव ऐकलं की माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की पाय सुटतो. मामांच्या थोरल्या भावाला अशीच कोणीतरी हाक मारली होती, तो पुन्हा चालला नाही. आमच्या घरात चिंचेच्या दिवसांत बायका झाडाखाली मुकाट असतात. मी म्हटलं, तसंही मी तुमच्या पोराला नावानं हाक कुठं मारते? (त्याचं नाव मी घेते ते या वहीतच.) मामा हसले.

मग सम्राटनं खुणा ठरवल्या. मी दोराला एक हिसका द्यायचा, म्हणजे ठीक आहे ना? त्यानंही एक द्यायचा, म्हणजे आहे. सुप्याला म्हणे तोंडानं विचारतात आणि तोंडानं उत्तर घेतात, पण मामांपुढं कोण बोलणार? नियमांपायी जीव खाणारा माणूस बापाच्या एका शब्दावर गप्प झाला. मला गंमत वाटली.

संध्याकाळी चिंचा फोडत बसलो होतो तेव्हा तो माझ्याकडं बघून हसला, उगीचच. पूर्वी हसायचा तसा. मला लई बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

आज डोकं फिरलंय माझं. पाथर्डीच्या एका शाळेच्या आवारातली सगळी मोठी झाडं छाटायची होती. हेडमास्तर स्वतः आले, सामान बघितलं, खूश झाले. म्हणाले, असं रीतसर काम करणारं माणूस तालुक्यात नाही. फक्त एक करा, चढणाऱ्याचा डॉक्टरचा दाखला द्या, उंचीवर कामाला फिट आहे म्हणून. आमच्यावर जबाबदारी नको.

एवढंच! पाथर्डीला गेलं की मिळतो. तर सम्राट म्हणाला, तिथं तारा फार आहेत, मला जमणार नाही. कुठं आहेत तारा? मी पाहिलीय ती शाळा. हेडमास्तर गेल्यावर मी विचारलं तर उठून चालता झाला. मामा म्हणाले, पोरी, त्याला नसंल करायचं. मामांना काय, त्यांचा तो पोरगा आहे. मी इथं ढील ओढत उभी असते दिवसभर.

१९ फेब्रुवारी

काल परत एसटीनं नगर. आला तो मेलेल्या माणसासारखा पडला. सकाळी उशीला रक्ताचा डाग होता. विचारलं तर जीभ दाताखाली आली म्हणाला. खिशात गोळ्यांची पाकिटं सापडली. कसल्या, तर ऍसिडिटीच्या. त्यातल्याही बऱ्याच तशाच.

शेवटी मी बोलून टाकलं. कोण आहे ती? सुप्याची का नगरची? गाडी घेऊन गेलात तर गावातलं कोणी ओळखेल म्हणून एसटी, होय ना? त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं आता मारतो. पण तो हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "बाई असती तर लई बरं झालं असतं गं."

याचा अर्थ काय लावायचा माणसानं? मी म्हटलं, आजपासून माझ्याशी बोलू नका. तो म्हणाला, बरं.

२० फेब्रुवारी

अबोला. मीही श्रीरामपूरची आहे, आधी मी बोलणार नाही. उद्या विहिरीवरची मोठी चिंच आहे.

२५ फेब्रुवारी

नगरच्या हॉस्पिटलात बसून लिहिते आहे. वही आत्यांनी कपड्यांबरोबर पाठवली, त्यांना वाटलं पोथीपुस्तक असेल. मामा बाहेर बाकावर झोपलेत. सम्राट आत आहे. जिवंत आहे, आणि आज मला ओळखलं त्यानं.

विहिरीवरच्या चिंचेवर तो न बोलता चढला. मी न बोलता दोर धरला. एका बाजूचा माल झोडून झाल्यावर एक वाळकी फांदी काढायला बाजूला गेला, आखूड दोर फांदीला अडकवला, तेवढं मला खालून दिसलं. मग पाला आड आला. थोड्या वेळानं दोरावर वजन आलं. मला वाटलं बसलाय दोरावर, कधी कधी दमला की बसतो तसा. मी एक हिसका दिला. उत्तर नाही. म्हटलं, रुसलाय. रुसू दे. पुन्हा दिला. नाही. माझं डोकं आणखी तापलं. जिवाची खूण आहे ती, तिच्यावर कसला राग काढतो हा माणूस? म्हटलं बस, मीही इथंच बसते. दोराला गाठ मारली आणि बुंध्याला टेकून बसले. बसले मी! किती वेळ बसले ते मला सांगता येत नाही. सगळे तेच विचारतायत.

मग वरून पाण्याची धार पडली, चिंचांच्या ढिगावर. वाटलं, बाटली सांडली. सगळा माल भिजवला म्हणून मी बाजूला जाऊन वर बघितलं. त्याचा एक पाय दिसला. तो पाय आचके देत होता.

मी ओरडले. पण नाव येईना तोंडात. अहो, अहो, एवढंच येत होतं. पलीकडच्या झाडावरून मामा उतरून पळत आले. मी गाठ सोडली, दोर सोडत गेले, दोर ढिला पडला पण तो खाली येईना. कमरेचा आखूड दोर फांदीला अडकलेला. ज्या दोरानं माणूस पडत नाही, त्याच दोरानं तो मला खाली आणता येत नव्हता.

मामा चढले. अनवाणी, काहीही न बांधता, या वयात. मला त्यांचे फक्त तळवे दिसत होते. त्यांनी एका हातानं त्याला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं कडी काढली, आणि वरून म्हणाले, "सोड पोरी. हळू." मी सोडलं. मातीचं पोतं सोडायचे तसं, तेवढ्याच गतीनं. हात आपोआप चालले.

तोंडाला फेस, त्यात रक्त, चेहरा काळानिळा. फिट आलीय म्हणत आत्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल आणली. आबासाहेबांची पिकअप आली. वाटेत मला सगळं उलगडत गेलं, एकेक. करपल्याचा वास. गाडी. उशीवरचं रक्त. बाई असती तर बरं झालं असतं. ते पोतं वर चढवून मला पुन्हा पुन्हा उतरवायला लावणं. लोंबकळून दाखवणं. मी त्याला थट्टा म्हणाले होते.

२८ फेब्रुवारी

आज तो बोलला. हळू बोलतो, मधेच शब्द हरवतो. पाणी मागायचं तर माझ्याकडं बघून बोटं हलवत राहतो, मग म्हणतो, ते, ते प्यायचं. डॉक्टर म्हणाले, फिट फार लांबली, मेंदूला त्रास झाला. थोडं सुधारेल, सगळं नाही कदाचित. मी विचारलं, लवकर खाली आणलं असतं तर? ते म्हणाले, असं बोलून उपयोग नाही. म्हणजे काय ते मला कळलं.

सुप्याला उंचावरच्या फळीवर काम करताना पहिल्यांदा झालं होतं म्हणाला. संदीपनं धरलं. मग मेडिकल झालं, आणि उंचीचा पास रद्द. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उंची, गाडी, विहीर सगळं बंद करायला सांगितलं. गोळी घेतली की झाडावर डोळे मिटायचे, म्हणून चिंचा सुरू झाल्यावर त्या त्यानं सोडल्या. बाकी एकही नियम मोडला नाही, असं मला सांगत होता.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

म्हणाला, "तू चढू दिलं नसतंस."

मी म्हटलं, नसतंच दिलं.

"दुसरं मला... दुसरं काय येतं गं," म्हणाला आणि भिंतीकडं वळला. मला त्याला मारावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं. शेजारच्या खाटेवरची माणसं बघत होती, म्हणून मी यातलं काहीच केलं नाही. चादर नीट केली.

१७ मार्च

सम्राट घरी आहे. गोळ्या मी हातानं देते, तोंड उघडून बघते. आबासाहेबांची निम्मी झाडं तशीच उभी आहेत आणि चिंच आता झडायला लागली. ऊसतोडीची माणसं अजून यायची आहेत. मामा चढतो म्हणाले. मी म्हटलं, बिनदोराचं मी आता या घरातलं कोणाला चढू देणार नाही, आणि पट्टा तुमच्या अंगाला बसत नाही. मला बसतो.

आत्यांनी डोक्याला हात लावला. मालनबाईला वर्षभर पुरेल एवढं मिळालं, कारण मी सम्राटची पँट घालून लिंबावर चढले. सम्राट खाली बाजेवर बसून शिकवत होता. शब्द हरवायचा, पण बोटांना सगळं आठवतं. गाठ मारून दाखवली, एकदाही चुकला नाही.

पण दोर कोण धरणार? त्यानं हात पुढं केला. म्हणाला, मी धरतो. मी त्याच्या हाताकडं बघत राहिले. तोच हात मध्येच त्याचा राहत नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग मामा उठले आणि त्यांनी त्याच्या हातून दोर काढून घेतला, हळूच. ज्यांनी आयुष्यात दोराला हात लावला नव्हता त्यांनी. सम्राटनं मान खाली घातली. मी झाडावर असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, तिथं चेहरे दिसत नाहीत.

मामांना मी तेच केलं जे त्यानं मला केलं होतं. मातीचं पोतं वर चढवलं. उतरवा. पुन्हा उतरवा. पहिला नियम सांगितला, वर माणूस असताना काहीही झालं तरी हात काढायचा नाही, गाठ मारून ओढून बघितल्याशिवाय. मामा म्हणाले, कळलं. आणि एक रीत त्यांनी आपण होऊन मोडली. म्हणाले, "हिसके बास झाले. नावानं हाक मारायची. आनि वरच्यानं ओ द्यायची."

हाक मारायचं काम सम्राटला दिलं. तेवढं त्याला येतं.

२ एप्रिल

सम्राट झोपलाय. आत्या उशाशी बसल्यात. श्वास नीट चालू आहे, मी आताच बघून आले. आता लिहिते.

आज विहिरीवरची चिंच घेतली. तीच. शेवटी ठेवली होती, पण माल तिच्यावरच जास्त. मामा बुंध्याशी दोर धरून, सम्राट त्यांच्यापासून थोडा बाजूला, सावलीत पोत्यावर बसलेला. आत्या आबासाहेबांच्या खळ्यावर गेलेल्या, आसपास दुसरं कोणी नाही.

मी वर गेले. खालून हाक यायची, वृषाली. मी म्हणायचे, आहे. मी आणखी वर जायचे, पुन्हा वृषाली. आहे. माझं नाव लग्नानंतर इतक्या वेळा त्यानं कधीच घेतलं नव्हतं. ते नाव तेवढं त्याला शोधावं लागत नाही. मधेच वारा आला, चिंचा वाजल्या, मी थांबले. वृषाली. आहे. मला बरं वाटत होतं, खरं सांगते. मी वर आहे, हे बघून तो खाली तरी जिवंत आहे, असं काहीतरी वाटत होतं.

मग मी आकडी लांब केली आणि शेंड्याकडचा माल झोडला. बराच झोडला. थांबले तेव्हा लक्षात आलं की हाक आली नाही. म्हटलं, येईल. आली नाही. मी खाली बघितलं. मामांच्या थोरल्या भावाचं मला आठवत होतं, तरी बघितलं.

सम्राट पोत्यावरून कलंडला होता, चिंचांच्या टरफलात. हातपाय चालले होते. मामा त्याच्यापासून दोन हातांवर. मामांनी दोर धरलेला, दोन्ही हातांनी, आणि ते वर बघत होते. माझ्याकडं. मी शेंड्याशी वाकलेली, पाय फांदीवर अर्धा, सगळं वजन त्यांच्या दोरावर. तिथं गाठ मारून ते मला तशीच ठेवून जाऊ शकत होते, पण त्याला तसं बघून मी हललेच असते, आणि ढील आवरायला कोणी नसताना पाय सुटला तर बुंध्यावर आदळले असते, हे त्यांना कळत होतं.

मामा मला कायम पोरी म्हणतात. आज पहिल्यांदा त्यांनी नावानं हाक मारली. "वृषाली. खाली बघू नको. आनतो तुला."

आणि आणलं. एका गतीनं, पोतं आणायचो तसं. घाई नाही, धक्का नाही. मी फांद्यांतून खाली येत होते आणि मला त्याचं घशातलं घरघरणं ऐकू येत होतं, दर हातभर दोराला ते जवळ येत होतं. मामांनाही ऐकू येत होतं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं, पण त्यांनी एकदाही मान वळवली नाही. पोटचं पोर शेजारी तडफडत होतं आणि ते सुनेच्या पायांकडं बघत दोर सोडत होते.

माझे पाय जमिनीला लागले. मामांनी दोराला गाठ मारली. ओढून बघितली. आणि मग ते पोराकडं पळाले.